ॲरिझोना ट्रेल आणि सोबतीचा कुत्रा

ॲरिझोना ट्रेल ही अमेरिकेच्या नैऋत्य भागातली सुमारे १,२९० किलोमीटरची पायवाट. मेक्सिकोच्या सरहद्दीवर सुरू होऊन ती उत्तरेला यूटा राज्याच्या हद्दीशी संपते. मुंबई ते दिल्ली रस्त्याने जेवढे अंतर, त्याहून थोडेच कमी. फ्लॅगस्टाफचे शाळाशिक्षक डेल शीवॉल्टर यांनी १९८५ मध्ये हे राज्य दक्षिणेकडून उत्तरेकडे चालून पाहिले आणि जुन्या पायवाटा जोडून सलग वाट करता येईल, हे लोकांच्या गळी उतरवण्यात पुढची वर्षे घातली. २००९ मध्ये या वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि २०११ च्या अखेरीस हीला नदीच्या परिसरातला उरलेला दुवा सांधला गेला. वाट सगळीच वाळवंटातून जात नाही. सोनोरन वाळवंटातल्या सागुआरो निवडुंगांमधून ती पाइनच्या जंगलात चढते, पुन्हा तापलेल्या खोऱ्यात उतरते, आणि उत्तरेच्या कैबाब पठारावर २,७०० मीटरच्याही वर जाते. कुत्र्याला घेऊन निघालेल्याची कसोटी मात्र खालच्या, उघड्या, कोरड्या टप्प्यांतच लागते.

या प्रदेशाला कुत्रा नवा नाही. ईशान्य ॲरिझोनात केयेन्टाजवळच्या एका गुहेत आल्फ्रेड किडर आणि सॅम्युएल गर्न्सी यांना पहिल्या महायुद्धाच्या सुमारास माणसांच्या दफनांसोबत दोन कुत्रे सापडले. कोरड्या हवेत त्यांची कातडी आणि केससुद्धा टिकले होते. एक फिकट रंगाचा, लांब केसांचा. दुसरा लहान, काळा-पांढरा. बुट्ट्या विणणाऱ्या ज्या प्राचीन लोकांचे हे कुत्रे, ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे राहत. गुहेला ‘व्हाइट डॉग केव्ह’ हे नाव त्या फिकट कुत्र्यावरूनच पडले. म्हणजे या रखरखीत मुलखात कुत्रा माणसाबरोबर फार पूर्वीपासून जगत आला आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर, तेही आठवडेच्या आठवडे, भर उन्हात चालणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती समजायची तर कुत्र्याचे शरीर आधी समजून घ्यावे लागते.

माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंज्यांच्या गाद्यांना येतो आणि थंडावा मिळवण्यासाठी त्याचा उपयोग नाममात्र. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकूनच. वरवर धांदलीची दिसणारी ही क्रिया फार काटेकोर असते. छाती आणि फुप्फुसे मिळून एखाद्या स्प्रिंगसारखी स्वतःच्या ठरावीक गतीने हलू शकतात. कुत्रा नेमक्या त्याच गतीने, मिनिटाला तीनशेच्या आसपास श्वास घेतो, असे १९६२ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे धापण्याचे श्रम कमी पडतात आणि त्या श्रमांची नवी उष्णता फारशी साठत नाही. १९७० मध्ये कनुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली. धापताना कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडाने बाहेर सोडतो. नाकातच परत सोडली असती तर वाफेबरोबर गेलेली उष्णता तिथल्या थंड अस्तरावर पुन्हा उतरली असती. नाकातल्या एका ग्रंथीचे काम तर हे अस्तर ओले ठेवण्याचेच. धावणाऱ्या कुत्र्याचा मेंदू बाकी शरीराहून थंड राहतो, तो याच व्यवस्थेमुळे.

वाळवंटातली कोरडी हवा या व्यवस्थेला पोषक असते, कारण वाफ झपाट्याने होते. पण प्रत्येक वाफेबरोबर पाणी जाते. हूव्हर धरणाच्या बांधकामावर मजूर उन्हाने कोसळू लागले, तेव्हा १९३२ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी नेवाडातल्या बोल्डर सिटीत जाऊन उष्णतेचा अभ्यास केला. माणूस आणि कुत्रा उष्णता कशी बाहेर टाकतात याची तुलना त्यांच्या कामात होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात एडवर्ड ॲडॉल्फ यांच्या चमूने वाळवंटातल्या सैनिकांवर प्रयोग केले आणि १९४७ मध्ये ते ग्रंथरूपाने आले. त्यातून पुढे आलेला फरक वाटसरूने ध्यानात ठेवावा असा आहे. उन्हात चालणारा माणूस हाताशी पाणी असूनही गेले तेवढे पीत नाही. तूट जेवणाच्या वेळेपर्यंत तशीच राहते. कुत्रा मात्र पाणी समोर येताच काही मिनिटांत तूट भरून काढतो. तेव्हा स्वतःच्या तहानेवरून कुत्र्याच्या पाण्याचा अंदाज बांधणे चुकीचे आहे. प्रत्येक विसाव्याला त्याच्यापुढे वाडगे ठेवणे, एवढाच मार्ग उरतो.

हिशेब केला की ओझे दिसू लागते. घरी बसलेल्या कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. २५ किलोच्या कुत्र्याला म्हणजे सव्वा ते दीड लिटर, आणि उन्हात चालताना याच्या दुपटी-तिपटीने. या वाटेच्या कोरड्या टप्प्यांत दोन पाणवठ्यांत तीस किलोमीटर अंतर पडू शकते. पाणवठा म्हणजे बहुधा गुरांसाठी बांधलेले तळे किंवा टाकी. पाणी गढूळ, शेणाचे, कधी हिरवट. निळ्या-हिरव्या शेवाळाने धरलेले पाणी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, ते टाळायचेच; बाकी पाणीही त्याच्यासाठी गाळलेलेच हवे. खाद्याचे ओझे वेगळेच. याच कुत्र्याला विश्रांतीत जेमतेम ८०० कॅलरी पुरतात, पण रोजच्या चालीत त्याची गरज दुपटीच्या पुढे जाते. म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा किलो कोरडे खाद्य. कुत्र्याच्या पाठीवर खोगीरपिशव्या चढवता येतात, पण त्याच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक ओझे नको. पाणी शेवटी माणसाच्याच पाठीवर येते.

पंज्यांची गादी जाड, चामड्यासारखी असली तरी ती जमिनीच्या सवयीवर घडते. घरच्या फरशीवर वाढलेल्या कुत्र्याची गादी खडीवर काही दिवसांतच झिजते, चिरते. दुपारी खडक आणि वाळू हवेहून कितीतरी जास्त तापतात. हाताचा पालथा पंजा जमिनीवर सात सेकंद टेकवता आला नाही, तर कुत्र्यालाही तिथे चालवू नये, ही तिथली रूढ परीक्षा. कुत्र्याचे बूट उपयोगी पडतात, पण त्यांची सवय आधी महिनाभर घरी लावावी लागते. त्यांत खडे अडकतात आणि घासून जखमाही होतात, म्हणून दर मुक्कामाला चारही पंजे बोटे फाकवून पाहायचे असतात.

काट्यांमध्ये सर्वांत त्रासदायक चोया हा निवडुंग. त्याचे सांधे इतके सैल की नुसते अंग घासले तरी काटेरी गोळा केसांत रुततो, आणि काट्यांना बारीक उलटे दात असतात. कुत्रा तो तोंडाने काढायला जातो, मग जीभ आणि ओठ सोलवटतात. हाताने ओढले तर गोळा बोटांना चिकटतो. अनुभवी लोक रुंद दातांचा कंगवा बरोबर ठेवतात. तो गोळ्याखाली सरकवून एका झटक्यात गोळा उडवायचा, मागे राहिलेले काटे चिमट्याने काढायचे. रॅटलस्नेक वसंतात बिळाबाहेर येतो, नेमके तेव्हाच जेव्हा बहुतेक लोक दक्षिणेकडून चालायला निघतात. नाक खुपसणाऱ्या कुत्र्याला दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. कुत्र्यांसाठी लस निघाली आहे, पण तिच्या उपयोगाबद्दल पशुवैद्यांत एकमत नाही. दंशानंतर दवाखाना गाठणे चुकत नाही. पावसाळ्यात सोनोरन वाळवंटातला मोठा बेडूक बाहेर पडतो, त्याच्या कातडीतल्या ग्रंथींचे विष कुत्र्याला झटके आणते. हावेलीना हा रानडुकरासारखा दिसणारा प्राणी पिलांजवळ कुत्रा आला की कळपाने अंगावर येतो. या सगळ्यांवर उपाय एकच: आखूड पट्टा.

पट्टा असला तरी वाट सगळी खुली नसते. टूसॉनजवळच्या सागुआरो राष्ट्रीय उद्यानातल्या रिंकन डोंगरांवरून वाट जाते, पण तिथे पायवाटांवर कुत्र्यांना मज्जाव आहे. पुढे सांता कॅटालिना डोंगरातल्या पुश रिज अभयारण्यात मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांसाठी तोच नियम. १९९० च्या दशकात त्या तिथून नाहीशा झाल्या होत्या आणि २०१३ पासून त्यांना पुन्हा आणून सोडण्यात आले. ग्रँड कॅन्यनमध्ये कुत्र्याला कड्यावरच्या वाटांवर परवानगी आहे, दरीत नाही. वाट दक्षिण कड्यावरून कोलोरॅडो नदीपर्यंत उतरून उत्तर कड्यावर चढते, ते अंतर सुमारे ३४ किलोमीटर. कुत्र्याला तेच अंतर रस्त्याने वळसा घालून पार करायचे तर सुमारे ३४० किलोमीटर मोटार हाकावी लागते. नाहीतर दक्षिण कड्यावरच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात त्याला ठेवावे लागते. म्हणजे सगळीच्या सगळी वाट एकाच कुत्र्याने पायी पुरी करणे नियमाने शक्यच नाही. हट्टाने अख्खी वाट धरण्याऐवजी थंड, पाण्याचे, मुभा असलेले टप्पे निवडावेत, हेच शहाणपणाचे.

हंगामही तसाच निवडावा लागतो. दक्षिणेकडून निघणारे मार्चच्या आसपास निघतात, उत्तरेकडून येणारे सप्टेंबरअखेर. फिनिक्स शहराने २०१६ पासून तापमान ३७.८ अंश सेल्सिअसला पोचले की आपल्या डोंगरवाटांवर कुत्रे नेण्यास बंदी घातली आहे. पायवाटेवर असे कोणी अडवत नाही, आणि कुत्राही स्वतःहून थांबत नाही; मालक चालतो आहे तोवर तो मागे येतच राहतो. त्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश. ते ४१ च्या पुढे चढले, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले, की तो उष्माघात. अशा वेळी आधी गार करायचे आणि मग दवाखान्याकडे न्यायचे: सावली, पोट आणि मांड्यांवर पाणी, वारा. त्यासाठी पिण्याचे पाणी खर्ची पडले तरी चालेल. रोजचा क्रम म्हणूनच पहाटे निघणे, नऊ-दहाला झाडाखाली किंवा खडकाच्या सावलीत थांबणे आणि ऊन कलल्यावर पुन्हा चालणे असा ठेवतात.

वाट संपल्यावरही एक काळजी उरते. दक्षिण ॲरिझोनाच्या मातीत कॉक्सिडियॉइडिस नावाची बुरशी असते. जमीन हुंगणाऱ्या, उकरणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसांत तिचे बीजाणू धुळीबरोबर जातात आणि व्हॅली फीव्हर होतो. लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, म्हणजे बऱ्याचदा कुत्रा घरी परतल्यावर: कोरडा खोकला, ताप, अन्नावरची वासना उडणे. संसर्ग हाडांत पसरला तर लंगडणे, आणि ते महिन्यांनीही सुरू होऊ शकते. दुसऱ्या राज्यातल्या पशुवैद्याला हा आजार चटकन सुचत नाही, म्हणून कुत्रा ॲरिझोनात चालून आला आहे हे मालकानेच सांगावे लागते. हा आजार खोकल्यातून माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही. निदान रक्ततपासणीने होते, आणि फ्लुकोनॅझोलसारखे बुरशीनाशक औषध सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ द्यावे लागते.