ऑलिंपिकचं दडपण येतं कुठून

कर्जत-खालापूरच्या गावांत रात्रीचे कबड्डीचे सामने रंगतात तेव्हा प्रेक्षक नुसते बघे नसतात, त्यांना खेळ कळतो. चढाईपटू निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परतला तरी त्याला कुणी बोल लावत नाही. तिसरी चढाई पुढे आहे, आत्ता वेळ काढायचा आहे, हे खुर्चीतल्या आजोबांपासून मंडपाच्या बांबूवर चढलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तिसऱ्या चढाईत कच खाल्ली, तर मात्र खैर नाही. दडपण इथेही असतं, पण ते जाणत्यांचं.

ऑलिंपिकमध्ये कबड्डी नाही. आपली मुलं तिथे जातात ती नेमबाजीत, तिरंदाजीत, रोइंगमध्ये, स्टीपलचेसमध्ये. हे खेळ आपल्यातले बहुतेक जण चार वर्षांतून एकदा टीव्हीवर पाहतात. नियम माहीत नसले की विचारण्याजोगं एकच उरतं: पदक आलं का? तरुण खेळाडूवरच्या ओझ्याचं मूळ माझ्या मते इथे आहे. कॅमेरे आणि वार्ताहर त्यानंतर येतात.

खालापूर सोडून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघालं की लागणाऱ्या पनवेलमध्ये सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शिरूर 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि आठव्या आल्या. जगात आठवी, म्हणजे आपल्या हिशेबात काहीच नाही. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अवनी लेखराने पॅरालिंपिकचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा कुठे बऱ्याच जणांना शिरूर हे नाव कळलं.

आता दडपणाची ही यंत्रणा चालते कशी ते क्रमाने पाहू. सुरुवात स्पर्धेच्या दोन वर्षं आधी, कोट्यापासून होते. नेमबाजीत जागतिक स्पर्धेत वरचा क्रमांक आला की ऑलिंपिकची जागा मिळते, पण ती देशाला मिळते, नेमबाजाला नाही. त्या जागेवर कोण जाणार हे पुढे निवड चाचणीत ठरतं. बातमीत मात्र ‘ऑलिंपिकसाठी पात्र’ असंच छापून येतं, गल्लीत पेढे वाटले जातात, फ्लेक्स लागतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत अवघ्या 18 व्या वर्षी जगज्जेता झाला आणि त्याने देशासाठी कोटा मिळवला. 2024 च्या चाचण्यांनंतर पॅरिसला गेले दुसरे. नियमाप्रमाणे यात काही वावगं नाही, पण फ्लेक्स लावणाऱ्यांना हे त्या पोराने कसं समजावून सांगायचं?

त्याच कैरोच्या स्पर्धेत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे चौथा आला होता. त्यानेही कोटा मिळवला आणि तो चाचणीतही टिकला. मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या या नेमबाजाला तोवर महाराष्ट्रात फारसं कुणी ओळखत नव्हतं. माझा अंदाज असा की हेच त्याच्या पथ्यावर पडलं. पॅरिसमध्ये त्याची पाळी येईपर्यंत मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली होती आणि सगळे कॅमेरे तिच्यावर होते.

1 ऑगस्ट 2024 ची ती अंतिम फेरी जरा जवळून पाहू, कारण दडपण कसं चढत जातं ते तिच्या रचनेतच दिसतं. स्पर्धा पॅरिसपासून दूर शातोरूच्या रेंजवर होती. प्रकार 50 मीटर रायफल, तीन पोझिशन. नेमबाज आठ. आधी गुडघ्यावर बसून 15 गोळ्या, मग पालथं झोपून 15, मग उभं राहून. निशाण्यावरचं दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं, साधारण 10.4 मिलिमीटरचं. उभ्याने 10 गोळ्या झाल्या, म्हणजे एकूण 40, की दोघे बाहेर. तिथून पुढे प्रत्येक गोळीनंतर एक जण बाहेर. रेंजवर शांतता असते असा आपला समज आहे, पण अंतिम फेरीत संगीत वाजतं, निवेदक बोलतो, लोक ओरडतात, हे सगळं नियमाला धरून. म्हणजे दमलेल्या हातात जड रायफल, पाठीमागे गलका आणि एक गोळी चुकली की खेळ संपला.

कुसाळेने नंतर सांगितलं की त्या दिवशी त्याने काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता. छातीत धडधडत होतं आणि त्याचं सगळं लक्ष श्वासावर होतं. 44 व्या गोळीनंतर तो थांबला तेव्हा खात्यात 451.4 गुण आणि कांस्यपदक होतं. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे प्रत्येक बातमीत 72 वर्षांचा आकडा आला.

आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीतला आकडा मात्र फारसा कुणी छापला नाही. 44 नेमबाजांत कुसाळे 590 गुणांनी सातवा आला. त्याच रेंजवर भारताचाच 23 वर्षांचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 589 वर अकरावा राहिला. अंतर एका गुणाचं. एकाच्या घरी मुख्यमंत्र्यांचा फोन, एक कोटीची घोषणा, रेल्वेत बढती. दुसऱ्याचं नाव बातमीच्या शेवटच्या ओळीत.

फेरी संपली की येतो मिक्स्ड झोन. मैदानातून बाहेर पडायची वाट कठड्यांच्या मधून जाते आणि कठड्यापलीकडे माइक घेतलेले लोक उभे असतात. आधी प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या वाहिन्या, मग वृत्तसंस्था, मग वर्तमानपत्रं. बोलायची सक्ती नाही, पण तिथून चालत जाणं चुकत नाही. पाच मिनिटांपूर्वी हरलेल्या मुलाच्या तोंडून जे निघतं, त्यातलं एक वाक्य मथळा होतं. टोकियोत 25 जुलै 2021 रोजी 19 वर्षांच्या मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, तिकडे रेंजवरचं घड्याळ चालूच होतं आणि तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. हे समजून घ्यायला नेमबाजी थोडी तरी कळावी लागते. तिचं आणि प्रशिक्षकाचं बिनसलंय, हे कळायला काहीच लागत नाही. चर्चा अर्थातच त्याची झाली.

त्याच ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्सने जिम्नॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. त्याआधी दोनच महिने नाओमी ओसाकाने पत्रकार परिषदेला जायचं नाकारून दंड ओढवून घेतला होता आणि फ्रेंच ओपनमधून अंग काढून घेतलं होतं. तेव्हापासून आयोजक जरा जागे झाले. पॅरिसच्या क्रीडाग्रामात खेळाडूंना निवांत बसायला ‘माइंड झोन’ होता आणि समाजमाध्यमांवरची शिवीगाळ टिपायला संगणक प्रणाली लावली होती.

पण घराच्या दारात काय होतं, ते कुठलीच प्रणाली टिपत नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव टोकियोला गेला तो ‘झोपडीतून ऑलिंपिकला’ या गोष्टीसकट. पंतप्रधान त्याच्या आई-वडिलांशी मराठीत बोलले. जागतिक क्रमवारीत दुसऱ्या असलेल्या रशियन तिरंदाजाला त्याने 6-0 असं हरवलं आणि पुढच्याच लढतीत ब्रॅडी एलिसनकडून तो तेवढ्याच फरकाने हरला. स्पर्धा संपते न संपते तोच बातमी आली की घराच्या बांधकामावरून शेजारी त्याच्या घरच्यांना धमकावत आहेत. प्रसिद्धीने वाद मिटत नाहीत, कधी कधी उकरले जातात. कुसाळेच्या बाबतीतही पदकानंतर दोन महिन्यांनी वडिलांनी बक्षिसाच्या रकमेवर नाराजी बोलून दाखवली, हरियाणाशी तुलना केली आणि ती देशभर गाजली. त्यांची मागणी रास्त की नाही हा वेगळा मुद्दा. पण मुलाचा सराव चालू असताना घर माइकसमोर उभं राहतं, ते असं.

फ्लेक्सबद्दलही एक सांगायला हवं. मनूच्या पदकानंतर तिच्याशी कसलाही करार नसलेल्या कंपन्यांनी अभिनंदनाच्या निमित्ताने तिचे फोटो आपल्या जाहिरातींत वापरले, तेव्हा तिच्या व्यवस्थापकांनी नोटिसा पाठवल्या. आपल्या नाक्यावरच्या फलकावर नेत्याचा चेहरा खेळाडूच्या दुप्पट असतो, पण त्याबद्दल नोटीस पाठवायची कुणाची छाती होत नाही.

तालुक्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी राज्य स्पर्धेहून परत येते, तेव्हा स्टेशनवर उतरल्या उतरल्या आपण विचारतो, “नंबर आला का?” त्याऐवजी स्कोअर किती झाला, मागच्या वेळी किती होता, असं विचारून पाहावं. सांगताना ते पोर मधेच थांबून पोझिशन म्हणजे काय, सिरीज म्हणजे काय, हेही समजावायला लागेल. दोन-तीन वर्षं असं ऐकलं, तर 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये 589 हा आकडा टीव्हीवर आला की निदान आपल्या घरातल्यांना तो वाचता येईल.