हेंपचा वाख काढणारी आरंभीची यंत्रे
भांगेच्याच कुळातील हेंपच्या खोडातून वाख सोडविणे हे या पिकातील सर्वांत कष्टाचे काम. अमेरिकेतील केंटकी राज्यात दवाने कुजविलेली खोडे लाकडी जबड्याच्या हातयंत्रात मोडून व झटकून काड्या पाडीत. गुलामगिरीच्या काळी माणशी दिवसाला सुमारे १०० पौंड वाख हा दंडक होता. पुढे विस्कॉन्सिनमध्ये खाचदार रुळांनी हे काम उचलले. रूळ काष्ठभाग मोडीत, फिरती पाती तो झोडून काढीत. कुजवण मात्र टळली नाही, आणि खरी मेख तीच: जास्त कुजल्यास तंतू सडतो, कमी कुजल्यास काष्ठ सुटत नाही. न कुजविलेल्या खोडातून वाख काढणाऱ्या यंत्राचे पेटंट १९१९ मध्ये जॉर्ज श्लिख्टेन यांना मिळाले. ते व्यापारात रुजले नाही; दुसऱ्या महायुद्धातील गिरण्याही कुजविलेल्या खोडांवरच चालल्या.