बेसवरची धाव

क्रिकेट पाहत वाढलेल्या वाचकाला बेसबॉलमधील एक गोष्ट प्रथम विचित्र वाटते. चेंडू मारल्यावर धावावे की नाही, हे क्रिकेटमधील फलंदाज ठरवू शकतो. बेसबॉलमध्ये चेंडू वैध क्षेत्रात गेला की त्याला धावावेच लागते. चौकोनाच्या एका कोपऱ्यात होम प्लेट आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांत तीन बेस असतात. बेसना क्रमाने स्पर्श करून होम प्लेटपाशी परतले म्हणजे एक धाव पुरी होते आणि तीन गडी बाद झाले की संघाची पाळी संपते. मोठ्यांच्या मैदानावर दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे १९३९ साली सुरू झालेल्या लिटल लीगच्या मुलांच्या मैदानावर ते ६० फूट आहे.

असे असूनही मुलांच्या सरावात धावण्याच्या वाट्याला फारसा वेळ येत नाही. एक मुलगा चेंडू मारीत असतो आणि उरलेली मुले पायाने माती उकरीत उभी असतात. अखेरची पाच मिनिटे उरली म्हणजे सर्वांना बेसभोवती एक फेरी मारावयास लावतात आणि त्यालाच धावण्याचा सराव म्हणतात. ही केवळ दमछाक होय. बेसवर धावणे हे मुख्यतः डोळ्यांचे आणि बुद्धीचे काम आहे. म्हणूनच संघातील सर्वांत मंद मुलालाही ते उत्तम रीतीने शिकता येते.

पहिला धडा पहिल्या बेसचा. हा बेस ओलांडून पुढे गेले तरी धावक बाद होत नाही, मात्र दुसऱ्या बेसकडे जाण्याचा प्रयत्न त्याने करता कामा नये. मुलांना हे सांगितले तरी पटत नाही; बेसपाशी थांबावयाचे म्हणून ती आधीच वेग कमी करतात. यावर साधा उपाय असा, की बेसच्या पलीकडे काही पावलांवर एक खूण ठेवावी आणि धाव त्या खुणेपर्यंत घ्यावयास सांगावी. चेंडू दूर गेला असेल तर मात्र वाट बदलते. बेस येण्यापूर्वीच थोडे बाहेरच्या बाजूस जाऊन वळण घ्यावे आणि बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय ठेवून दुसऱ्या बेसच्या रोखाने निघावे. तो पाय डावा असल्यास बरे, पण त्यासाठी पावलांची लय मोडू नये.

खरी कठीण गोष्ट नियमांची आहे. फलंदाज पहिल्या बेसकडे निघाला की तेथील धावकाला जागा सोडून दुसरा बेस गाठावाच लागतो. क्षेत्ररक्षकाने त्याच्या आधी चेंडूसह त्या बेसला नुसता स्पर्श केला तरी तो बाद होतो. आणि तो तिसरा गडी असेल तर त्या खेळीतील धावही मोजली जात नाही. २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कमध्ये जायंट्स आणि शिकागो कब्ज यांच्या सामन्यात नेमके हेच घडले. विजयी धाव होताच प्रेक्षक मैदानात घुसले आणि पहिल्या बेसवरचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच माघारी वळला. त्या काळी पुष्कळ खेळाडू तसेच करीत. प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू मिळवून बेसला लावला. पंचांनी मर्कलला बाद दिले, सामना बरोबरीत सुटला आणि ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळला गेला तेव्हा कब्जनी तो जिंकला. मर्कल पुढे कित्येक वर्षे खेळला, पण त्याचे नाव त्या न घातलेल्या पावलाशीच जोडले गेले. सारा दोष त्याचाच होता, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. रूढीने जे शिकवले तेच त्याने केले.

यासाठी फलंदाजीचा सराव चालू असतानाच तीन मुलांना तीन बेसवर उभे करावे. चेंडू टाकण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे: किती गडी बाद आहेत? तुझ्या मागच्या बेसवर कोणी आहे काय? चेंडू उंच उडाला तर तू काय करशील? हा शेवटचा प्रश्न मुलांना हटकून चकवतो. झेल घेतला गेला तर धावकाला मूळ बेसवर परतावे लागते. क्षेत्ररक्षकाचा चेंडूला स्पर्श झाल्यानंतरच त्याला पुढे जाण्याची मोकळीक मिळते. म्हणून तिसऱ्या बेसवरच्या मुलाने, दूरवर झेल उडालेला दिसताच, बेसवर पाय रोवून वाट पाहावी. दोन गडी आधीच बाद असतील तर वाट पाहण्यात अर्थ नाही; चेंडू बॅटला लागताच सर्वांनी धावत सुटावे. उत्तर चुकले तर रागावू नये, तोच चेंडू पुन्हा टाकावा.

घसरत बेस गाठण्याचे शिक्षण मात्र घाईने देऊ नये, कारण घोटा मुरगळण्याचा धोका येथेच असतो. लिटल लीगच्या लहान गटांत पुढच्या बेसकडे डोके पुढे करून झेप घेणाऱ्यास बादच देतात. एक पाय दुमडून दुसऱ्याखाली घ्यावा, हात वर ठेवावेत आणि उडी न मारता बसल्यासारखे खाली जावे. पहिल्या दिवशी बूट काढून, ओल्या गवतावर जाड पुठ्ठा अंथरून हे करवून घ्यावे. मग अडचण एवढीच उरते, की सराव संपला तरी मुले त्या पुठ्ठ्यावरून हलावयास तयार नसतात.