मोटारीची पन्हळ

दोस्तांनो, मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर नीट पाहिलंय का? हसनाबाद असो नाहीतर दुसरं गाव, पावसाचं पाणी भिंतीवर उतरू नये म्हणून छताला पन्हळ असते. जुन्या मोटारींनाही अशीच पन्हळ असते, बरं का!

मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी पुढे 'पद्मिनी' झाली. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. पण हौशी माणसं अशा जुन्या गाड्या आजही जपतात, पूर्वीसारख्या करतात.

टपाचा पत्रा बाजूच्या पत्र्याला जोडतात, तिथेच ही पन्हळ असते. काही गाड्यांत तिच्या कडेवर चकचकीत पट्टी दाबून बसवलेली असते. दिसायला नुसती शोभेची! पण तिच्याखाली धूळ साचते, धूळ ओल धरून ठेवते आणि पत्रा गुपचूप गंजतो. म्हणून रंगकामाआधी पट्टी काढावीच लागते.

इथेच खरी परीक्षा. घाईने स्क्रू-ड्रायव्हर खुपसला की पट्टी वाकलीच! ॲल्युमिनियम वाकलं की त्या जागी कडक होतं. पुन्हा सरळ करायला जावं तर घडी राहते, कधी तुकडाच पडतो. आणि जुन्या गाडीची नवी पट्टी मिळणार कुठे?

जाणता कारागीर काय करतो? आदल्या दिवशी कडेला गंज सोडवणारं तेल सोडतो. रंगावर चिकटपट्टी लावतो. मग लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर घेऊन एका टोकापासून कड जराशी उचलतो, बोटभर पुढे सरकतो, पुन्हा जराशी उचलतो. एकाच जागी जोर नाही, ओढाताण नाही. निघालेल्या पट्टीवर 'डावी', 'उजवी' लिहून ती सपाट फळीवर ठेवतो. मग गंज खरवडायचा, गंजरोधक रंग द्यायचा, सांध्यात लांबी भरायची आणि शेवटी तीच पट्टी पुन्हा बसवायची.

'तीच' का? २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं असतात.

पन्नास पावसाळे सोसलेली पट्टी दोन मिनिटांच्या घाईत कायमची जाऊ शकते. तेव्हा घरातलं जुनं घड्याळ किंवा रेडिओ उघडायला घ्याल, तेव्हा आधी पाहा, ते कसं बसवलंय. मगच हात लावा!