पेठ, बाजार व जत्रा यांचे कागद

जुनीं दफ्तरें धुंडाळणाऱ्या मंडळींचें लक्ष प्रथम राजकारणाच्या पत्रांकडे जातें, आणि तें स्वाभाविकही आहे. परंतु त्याच रुमालांत बाजाराचे झाडे, जत्रेच्या उत्पन्नाचे ताळेबंद, शेटे-महाजनांच्या वतनाचे महजर व पेठेचे कौल हेही असतात. ते मात्र ‘किरकोळ हिशेबी’ असा शेरा मारून बाजूस ठेवले जातात, आणि पुढें रद्दींत जातात. ज्या कागदांवरून एखादें खेडें कसें वाढलें, कोणाच्या खटपटीनें वाढलें व कशामुळें मोडलें हें कळावयाचें, तेच कागद असे नाहींसे व्हावे ही मोठी हानि आहे. यास्तव या वर्गाच्या कागदांचें स्वरूप काय व ते कसे वाचावे, याचें विवेचन येथें करूं.

प्रथम संज्ञा. ‘मौजे’ म्हणजे खेडें. ‘कसबा’ म्हणजे परगण्यांतील मुख्य व बाजाराचा गांव. आणि ‘पेठ’ म्हणजे उदमी लोकांची मुद्दाम केलेली वसाहत. गांवास जसे पाटील व कुळकर्णी, तसे पेठेस शेटे व महाजन. दुकानांची जागा ठरविणें, वाणी-उदम्यांचे तंटे तोडणें व सरकारदेणें वसूल करून देणें हीं कामें त्यांच्याकडे असत. त्याबद्दल त्यांस दुकानदारांकडून पान, सुपारी, तेल, धान्य अशा जिनसांचा हक्क मिळे. हा हक्क दुकानामागें असल्यामुळें दुकानें वाढलीं कीं वतनदाराचें उत्पन्न वाढे, आणि पेठ ओस पडली कीं वतन नांवाचें उरे. पेठेच्या भरभराटीविषयीं शेट्याची कळकळ कागदोपत्रीं वारंवार दिसते, तिचें मूळ येथें आहे.

नवी पेठ वसवावयाची म्हणजे कौल हवा. उदमी लोक चालतें दुकान सोडून माळावर सहसा येत नाहींत. त्यांस अभय व सवलत दोन्हीं लागतात. म्हणून कौलांत बहुधा तीन कलमें आढळतात. कांहीं ठराविक वर्षें जकात व मोहतर्फा माफ. मुदत सरल्यावर इस्ताव्यानें, म्हणजे दरसाल थोडें थोडें वाढवीत, देणें पुऱ्या दरास न्यावयाचें. आणि वेठबेगारीचा उपसर्ग न लावण्याचें वचन. या माफीस केवळ औदार्य समजणें चुकीचें आहे. सरकार आजचा वसूल सोडी तो उद्यांच्या वसुलाच्या आशेनें. म्हणून कौल हातीं आला असतां माफीचीं वर्षें व इस्ताव्याचे आंकडे आधीं टिपून घ्यावे, आणि पुढील सालांचा जमाखर्च मिळाल्यास त्याशीं ताडून पाहावे. पेठ खरोखर वसली कीं कौल कागदावरच राहिला, याचा निर्णय त्यावरून होतो.

पेठेचा प्राण म्हणजे आठवड्याचा बाजार. जवळच्या गांवांचे वार बहुधा निरनिराळे असतात. त्यामुळें एकच तांबोळी किंवा कासार आठवडाभर फिरत राहून चार-पांच बाजार करूं शकतो, आणि कोणत्याही एका गांवास कायमचें दुकान पोसावें लागत नाहीं. या बाजाराचे कर ओळखावयास कांहीं शब्द ठाऊक असले पाहिजेत. माल भरतेवेळीं घेतलेली जकात ती थळभरीत; माल उतरून विकला जाई तेथें घेतलेली ती थळमोड. गुरांच्या विक्रीवरील ती शिंगशिंगोटी. वजनें-मापें तपासून त्यांवर शिक्का करण्याबद्दलची ती बटछपाई. आणि विकावयास आणलेल्या धान्यांतून मूठभर घेण्याचा हक्क ती फसकी. ज्या ताळेबंदांत थळमोड भारी व थळभरीत हलकी, तो गांव माल खपविणारा. उलट असल्यास तो माल पाठविणारा. एवढ्या दोन आंकड्यांवरून गांवाच्या धंद्याचें स्वरूप पुष्कळसें उमगतें.

गांवाच्या नांवांतील वारावरून मात्र बाजाराचा वार निश्चित करूं नये. पुण्याच्या एका पेठेस औरंगजेबानें १७०३ मध्यें मुहियाबाद हें नांव दिलें. पुढें तीच बुधवार पेठ झाली. बादशाही नांव मागें पडलें व वाराचें टिकलें. अशा स्थळांची दोन्हीं नांवें ज्यास ठाऊक नाहींत, तो एकाच पेठेचे कागद दोन पेठांचे म्हणून लावील.

आतां जत्रा. जत्रा देवाची खरी. परंतु देवाच्या पायाशीं बाजार भरतो, आणि तो भरण्याचा काळ पाहण्यासारखा आहे. देशावरील मोठ्या जत्रा बहुधा कार्तिकापासून वैशाखापर्यंत येतात. पाऊस संपून वाटा मोकळ्या झालेल्या, खरीपाचें पीक घरांत आलेलें, आणि पुढील मशागतीस बैल घ्यावयाचे असतात. जेजुरीस पौषी पौर्णिमेस गाढवांचा बाजार भरत आला आहे. काठेवाडापासून जनावरें तेथें येत, आणि वैदू, बेलदार, कुंभार, वडार इत्यादि लोक तीं घेत. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवीं खंडोबाच्या जत्रेंत घोडे व इतर जनावरें. तापीकाठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीस घोडे. आटपाडीजवळ खरसुंडीस सिद्धनाथाच्या यात्रेंत खिल्लार बैल. देव निराळे व दूर दूर असले, तरी जनावरांच्या बाजाराचा मेळ सर्वत्र एकच. नगर जिल्ह्यांतील मढीस कानिफनाथाच्या यात्रेंत भटक्या जमातींच्या पंचायतीही बसत. ज्यांस वर्षभर एक गांव नाहीं, त्यांची व्यापाराची व न्यायाची जागा ही जत्राच होती.

जत्रेस पाणी लागतें. जेजुरीस पेशव्यांचा व होळकरांचा असे दोन तलाव आहेत. तलाव हें पुण्यकृत्य खरें, पण ज्या कोरड्या ठिकाणीं हजारों माणसें व जनावरें येतात, तेथें पाण्याच्या सोईवांचून ना यात्रेकरू राहतो ना व्यापारी. म्हणून तलाव, घाट व धर्मशाळा यांच्या खर्चाचे कागद देवस्थानच्या रुमालांतून वेगळे न काढतां बाजाराच्या कागदांशेजारीं ठेवून वाचावे.

जत्रेची उत्तम माहिती कोठें मिळते म्हणाल, तर भांडणांत. पालखीपुढें कोणी चालावें, काठी प्रथम कोणाची भेटावी, नैवेद्याचा वांटा कोणाचा, अशा मानपानावरून तंटे होत, आणि त्यांचे महजर व निवाडपत्रें होत. वादी आपला मान सिद्ध करण्यासाठीं जत्रेंत कोण कोण येतें, कोण काय विकतें व कोणास काय मिळतें हें सर्व सांगतो. ताळेबंदांत बेरजा मिळतात. महजरांत माणसें मिळतात. मात्र वादीचें म्हणणें तें पुरावा नव्हे. दुसऱ्या पक्षाची तकरीर पाहिल्याविना त्यावर भिस्त ठेवूं नये.

कालगणनेचा एक घोटाळा या कागदांत विशेष संभवतो. शुहूर सन मृगापासून बदलतो, शक चैत्रांत बदलतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर ११७७. यांतील मार्गशीर्षाची जत्रा शके १६९८, इसवी सन १७७६ ची. पण त्याच शुहूर सनांतील चैत्राची जत्रा शके १६९९, इसवी सन १७७७ ची. म्हणजे चैत्राची जत्रा आधींची नसून नंतरची होय. शुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे. जत्रांचे दिवस बहुधा या सांध्याच्या दोन्हीं बाजूंस पडत असल्यामुळें सरसकट ५९९ मिळविणारा दोन जत्रांचा क्रम उलटा लावील आणि उत्पन्न वाढलें असतां घटलें म्हणून सांगेल.

आंग्लाईंत पेठांची स्थिति पालटली. आगगाडी १८५८ मध्यें पुण्यास व १८६० मध्यें सोलापुरास पोंचली, आणि व्यापार हमरस्त्यावरून स्टेशनाकडे वळूं लागला. त्यानंतरची स्थिति पाहण्यास मुंबई इलाख्याच्या गॅझेटियराचे नगर व सोलापूर (१८८४) आणि पुणें व सातारा (१८८५) हे भाग उपयोगी पडतात. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ (१९१५) हा ग्रंथ खेड्याच्या अंतर्व्यवस्थेसाठीं अवश्य जवळ ठेवावा. पुढें १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें बाजार व जत्रा यांवरील आकारणीचा अधिकार ग्रामपंचायतींकडे आला. शेट्याचा हक्क गेला, पण बाजाराच्या दिवशीं दुकानामागें कांहीं घ्यावयाचें ही रीत राहिली.

यासाठीं संग्राहकांस आमची विनंती अशी. शेटे, महाजन, चौधरी, गुरव यांच्या घरीं गेल्यावर सनदेपुरतीच विचारपूस करूं नये. सनद घरचे लोक जपतातच. नाश होतो तो वह्या, याद्या व चिठ्ठ्या यांचा. रुमाल ज्या क्रमानें बांधलेला असेल तो क्रम मोडण्यापूर्वीं टिपून ठेवावा, कारण हिशेबी कागदास बहुधा सन पुरा नसतो व शेजारच्या कागदावरूनच त्याचा काळ ठरतो. नक्कल असल्यास ती कोणत्या कामीं केली हें पाहावें. १८५२ च्या कायद्याखालीं चाललेल्या इनाम चौकशींत आपला हक्क शाबीत करण्यासाठीं केलेली नक्कल आणि जुनें अस्सल यांचें वजन एक नव्हे. आणि अखेरीस, कागद हातीं न आला तरी त्याचें वाचन उतरून घ्यावें. एखाद्या खेड्याच्या पन्नास वर्षांच्या बाजाराची एक वही राहिली, तर त्या गांवाचा इतिहास लिहितां येईल. ती गेली, तर देवळावरील शिलालेख तेवढा उरेल, आणि देऊळ ज्यांच्या कमाईवर उभें राहिलें त्यांचा माग लागणार नाहीं.