प्रोस्टेटची बायोप्सी : तयारी कशी करावी आणि दवाखाना कसा निवडावा?

आपल्या वस्त्यांमध्ये रक्तदान शिबिरे होतात, डोळे तपासले जातात, शुगर आणि बीपी मोजले जाते. पण साठी उलटलेल्या माणसाला रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते, हा विषय कुणी काढत नाही. तो स्वतः सांगत नाही, मुलगा विचारत नाही आणि सुनेला तर विचारताच येत नाही. मग एक दिवस लघवी तुंबते, नळी घालावी लागते, रक्त तपासले जाते आणि डॉक्टर सांगतात, "पीएसए वाढलाय, तुकडा काढून तपासावा लागेल."

यानंतर बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडताना आम्ही पाहतो. काही घरे घाबरून, जे नाव पहिल्यांदा कानावर पडेल त्या दवाखान्यात कर्ज काढून धावतात. काही घरे "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे ऐकून कागद पेटीत ठेवून देतात. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात माणूस जाऊ शकतो. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे. म्हणून हा लेख आम्ही रुग्णांइतकाच त्यांच्यासोबत दवाखान्यात जाणाऱ्या तरुणांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी लिहीत आहोत.

पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर झाला असे नाही

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढते तशी ती बहुतेकांची वाढते आणि ही वाढ बहुधा साधी असते. पीएसए हा या ग्रंथीत तयार होणारा पदार्थ रक्तात मोजला जातो. ४ च्या वर आकडा गेला की डॉक्टर लक्ष देतात. पण वयानुसार ही मर्यादा मागेपुढे होते. साधी वाढ, लघवीतील जंतुसंसर्ग, लघवी तुंबणे, नुकतीच घातलेली नळी, यांमुळेही आकडा वर जातो. म्हणून संसर्ग असेल तर तो आधी बरा करून काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करायचा असतो. उलट, प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी सहा महिने किंवा अधिक काळ चालू असेल तर पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. अशा माणसाचा ३ आकडा खरा ६ च्या आसपासचा धरावा लागतो. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांसमोर ठेवायची ती यासाठी.

पुढचा प्रश्न एमआरआयचा. आज शक्य असेल तिथे बायोप्सीच्या आधी प्रोस्टेटचा एमआरआय करतात. त्यात संशयाची जागा दिसते आणि तिला १ ते ५ असा पाय-रॅड्स क्रमांक दिला जातो. १ किंवा २ असेल तर शंका कमी, ४ किंवा ५ असेल तर जास्त. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ११ देशांतील ५०० पुरुषांवरच्या एका अभ्यासात, आधी एमआरआय केलेल्या गटातील २८ टक्के पुरुषांना बायोप्सीची गरजच पडली नाही. शिवाय आधी बायोप्सी केली तर आतल्या रक्तस्रावामुळे नंतरचे काही आठवडे एमआरआयचे चित्र धूसर येते. त्यामुळे क्रम लक्षात ठेवा : आधी एमआरआय, मग सुई. पेसमेकर, शरीरात धातू किंवा किडनीचा त्रास असेल तर हे एमआरआयवाल्यांना अगोदर सांगायचे.

घाई किती करायची?

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा हळू वाढतो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला, कागदपत्रे जमवायला, शुगर आटोक्यात आणायला दोन-चार आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. "आजच भरती व्हा, उद्या उशीर होईल" असे कुणी घाबरवत असेल तर कारण विचारा. मात्र काही लक्षणांत थांबायचे नाही : लघवी पूर्ण बंद होणे, पाठीच्या कण्यात सतत दुखणे, पायांतील ताकद जाणे किंवा पाय बधिर होणे. पाय लुळे पडू लागले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

तुकडा कसा काढतात?

गुदद्वारातून सोनोग्राफीची कांडी आत सरकवून ग्रंथी पाहतात आणि बारीक सुईने साधारण १० ते १२ तुकडे घेतात. एमआरआयमध्ये संशयाची जागा दिसली असेल तर तिथले तुकडे वेगळे घेतात. प्रत्येक तुकड्याला 'टक' असा आवाज होतो. तो ऐकून दचकू नये. बहुतेक वेळा जागेवर भूल देऊन काम होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

सुई दोन मार्गांनी जाते. जुनी पद्धत गुदमार्गातून. दुसरी, अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून. तिला ट्रान्सपेरिनियल म्हणतात. गुदमार्गातून सुई जाताना तिथले जंतू आत जाऊ शकतात, म्हणून त्या पद्धतीत रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचा धोका थोडा जास्त असतो. आपल्याकडे नेहमीच्या अँटिबायोटिकांना न जुमानणारे जंतू बरेच असल्यामुळे हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो. काही ठिकाणी बायोप्सीपूर्वी गुदद्वाराचा स्वॅब तपासून कोणते औषध लागू पडेल हे पाहतात. ट्रान्सपेरिनियलची सोय जवळ नसेल म्हणून बायोप्सीच टाळणे शहाणपणाचे नाही. योग्य काळजी घेतली तर जुन्या पद्धतीनेही ती सुरक्षितपणे होते.

आणि सुईने कॅन्सर पसरत नाही. या एका अफवेमुळे किती तरी माणसे, उपचार सोपे असण्याचे दिवस हातचे घालवून बसतात. हे आपण ठिकठिकाणी ठणकावून सांगायला हवे.

आधीची तयारी

सर्वांत महत्त्वाच्या आहेत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, रिव्हारोक्साबान, अॅपिक्साबान यांपैकी काही चालू असेल तर बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना आणि हृदयाच्या डॉक्टरांना, दोघांनाही विचारा. कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे तेच ठरवतील. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने आपल्या मनाने गोळी बंद केली तर बायोप्सीपेक्षा मोठे संकट उभे राहू शकते. कमी डोसची अॅस्पिरिन बऱ्याचदा चालू ठेवता येते, पण तेही विचारूनच.

लघवीची तपासणी आणि कल्चर आधी झालेले असावे; संसर्ग असताना बायोप्सी करत नाहीत. शुगर आटोक्यात हवी. औषधाची अॅलर्जी, हृदयाची कृत्रिम झडप, मूळव्याध, पूर्वी झालेला जंतुसंसर्ग, गेल्या काही महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिके, झाडपाल्याची औषधे, हे सगळे सांगायचे. लाजण्यासारखे त्यात काही नाही. अँटिबायोटिक, एनिमा आणि उपाशी राहणे याबाबत प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते; सूचना कागदावर लिहून मागा.

नंतरचे दिवस

लघवीत आणि शौचात काही दिवस थोडे रक्त दिसते. वीर्यात काही आठवडे लालसर किंवा तपकिरी रंग दिसू शकतो. हे अपेक्षित आहे आणि हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे, नाहीतर तो गुपचूप घाबरत राहतो. भरपूर पाणी प्यावे, काही दिवस जड ओझे उचलू नये.

पण थंडी वाजून ताप आला, १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, लघवी बंद झाली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यायचे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. हा संसर्ग काही तासांत जीवावर बेतू शकतो.

दवाखाना निवडताना : दोन वेगळे निर्णय

इथे आम्हाला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. बायोप्सी कुठे करायची आणि उपचार कुठे घ्यायचे, हे दोन वेगळे निर्णय आहेत. बहुतेक घरे ते एकच समजतात आणि जिथे सुई लागली तिथेच अडकून पडतात.

बायोप्सीसाठी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणजे युरोलॉजिस्ट असलेले, सोनोग्राफीची सोय असलेले आणि रात्री ताप आला तर दाखल करून घेणारे जवळचे रुग्णालय पुरते. उपचारासाठी मात्र अनुभवी तज्ज्ञ आणि शस्त्रक्रिया, रेडिएशन, औषधे हे सगळे पर्याय एकत्र तोलणारे ठिकाण हवे. परळचे टाटा मेमोरियल १९४१ पासून हे काम करते आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. प्रत्येकाने पहिल्याच दिवशी मुंबई गाठायची गरज नाही. काचेवरचे नमुने आणि मेणातले ठोकळे, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, दुसऱ्या रुग्णालयात नेऊन पुन्हा तपासून घेता येतात. तुकडा प्रवास करू शकतो. सत्तरीतल्या माणसाला सुईसाठी प्रवास करायला लावू नये.

पैशाच्या बाजूने पाहू. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, मुंबईत केईएम, शीव, जेजे, पुण्यात ससून, खर्च खासगीच्या तुलनेत फारच कमी येतो; बदल्यात रांगेत उभे राहावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. पण निदानापूर्वीच्या तपासण्या, एमआरआय, बायोप्सी त्यात बसतात की नाही, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. कायद्यातले कलम आहे ४१ कक. रेशन कार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना पैसे भरण्यापूर्वी भेटायचे. बिल हातात पडल्यावर धावपळ केली तर फार काही हाती लागत नाही. प्रवासाचेही पाहा : एसटीत ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ च्या वर प्रवास मोफत आहे.

दवाखाना ठरवण्यापूर्वी हे प्रश्न विचारा :

- बायोप्सी खरोखर गरजेची आहे का? ती केल्याने पुढचा उपचार बदलणार आहे का?
- एमआरआय आधी होणार का? सुई कोणत्या मार्गाने जाणार?
- संसर्ग होऊ नये म्हणून काय करता? रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा?
- तपासणीचा, औषधांचा आणि तुकड्याच्या रिपोर्टचा मिळून एकूण खर्च किती? लिहून द्याल का?
- स्लाइड, ब्लॉक आणि एमआरआयची सीडी आम्हाला मिळेल ना?

हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. रुग्णालयाने दरपत्रक लावणे आणि मागितल्यावर रुग्णाच्या नोंदी देणे हे नियमांत आहे. प्रश्नांना चिडणारे ठिकाण सोडून दुसरे पाहायला हरकत नाही.

रिपोर्ट आल्यावर

रिपोर्टमध्ये कॅन्सर असेल तर ग्लीसन स्कोअर लिहिलेला असतो : ६ म्हणजे सौम्य, ७ मध्यम, ८ ते १० आक्रमक. सोबत १ ते ५ असा ग्रेड ग्रुपही देतात. ग्लीसन ६ असलेल्या अनेकांना लगेच ऑपरेशन लागत नाही. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करून लक्ष ठेवतात. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचा १५ वर्षे मागोवा घेण्यात आला. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, कोणताही मार्ग घेतलेला असो, त्या काळात या कॅन्सरने दगावलेले सुमारे ३ टक्केच होते. ऑपरेशनने लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून सहीपूर्वी दुसरे मत घ्यावेच. स्कोअर ८ च्या वर असेल तर मात्र रेंगाळू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

एक सूचना शिबिरे घेणाऱ्यांना. पीएसएची मोफत तपासणी ठेवायची असेल तर आकडा वाढलेल्या माणसाला पुढे कुठे न्यायचे, कोण नेणार, हे आधी ठरवा. नुसता आकडा हातात देऊन घरी पाठवणे म्हणजे त्याची झोप उडवणे आहे.

दुसरे म्हणजे प्रत्येक मंडळाने एक पानाची यादी तयार ठेवावी : जवळच्या रुग्णालयातील युरोलॉजी ओपीडीचे वार, आरोग्यमित्राचा फोन, धर्मादाय रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्यांची भेटीची वेळ, आणि सोबत जायला तयार असलेल्या दोन मुलांची नावे. सोबत जाणाऱ्याने एक फाइल करावी. तारखेप्रमाणे पीएसएचे आकडे, चालू गोळ्या, एमआरआय, केस पेपर, सगळे तिच्यात. डॉक्टर बोलतील ते लिहून घ्यावे, कारण घाबरलेल्या माणसाला निम्मेच ऐकू येते.

आणि आज घरी गेल्यावर बाबांना, काकांना, शेजारच्या आबांना एकदा बाजूला घेऊन विचारा, "रात्री किती वेळा उठावं लागतं?" पुढची सगळी वाट या प्रश्नाने मोकळी होते.