चाकाचे माप आणि हवेची गादी

खेड्यातील लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवितो, त्यापूर्वी तो चाकाचा घेर काळजीपूर्वक मापून घेतो. धाव त्या घेराहून किंचित लहान करावी लागते. ती तापवून चढविली, म्हणजे थंड होताना आकुंचन पावून लाकडावर घट्ट बसते. ती ढिली राहिली तर वाटेत निसटते. फाजील आवळली तर चाकाचे आरे मोडतात. छत्तीसगडच्या धानाच्या मुलखात अशी चाके पिढ्यानपिढ्या फिरत आली आहेत. आज त्याच मुलखाच्या राजधानीत, रायपुरात, ‘एसयूव्ही’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच, अवजड व आलिशान मोटारी मोठ्या संख्येने दिसतात. चाक बदलले असले तरी मापाचा नियम मात्र बदललेला नाही.

अशा मोटारीचे टायर झिजले, म्हणजे मालकापुढे प्रश्न उभा राहतो. पूर्वीच्याच मापाचे टायर घ्यावेत, की दुकानात मांडलेली वीस इंची चकचकीत चाके बसवून गाडीचा रुबाब वाढवावा? वरवर पाहता हा हौसेचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो भूमितीचा, उष्णतेचा आणि गाडीत बसणाऱ्यांच्या जीविताचा प्रश्न आहे.

टायरवरील अंकांचा अर्थ

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याचे माप कोरलेले असते. उदाहरणादाखल ‘२६५/६५ आर १७ ११२ एस’ ही खूण घेऊ. यातील २६५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. ६५ हे शेकडा प्रमाण आहे: रिमपासून नक्षीपर्यंत टायरची जी उंची असते, ती रुंदीच्या शेकडा ६५, म्हणजे सुमारे १७२ मि.मी. आहे. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे. या बांधणीत टायरच्या आतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. फ्रान्समधील मिशलँ कंपनीने १९४६ साली या बांधणीचे पेटंट घेतले. १७ हा रिमचा व्यास इंचांत आहे. ११२ हा भाराचा संकेतांक असून त्याचा अर्थ एका टायरने १,१२० किलोग्रॅम भार पेलावा असा होतो. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर ही वेगमर्यादा होय. ‘एच’ असल्यास ती २१० असते.

या आकड्यांवरून संपूर्ण चाकाचा व्यास काढता येतो. १७ इंच म्हणजे ४३१.८ मि.मी. त्यात टायरची उंची वर व खाली अशी दोनदा मिळविली, की ७७६.३ मि.मी. येतात. आता ‘२६५/६० आर १८’ या मापाचा हिशेब केला तर व्यास ७७५.२ मि.मी. निघतो. टोयोटा फॉर्च्युनर ही मोटार भारतात या दोन्ही मापांच्या चाकांवर विकली गेली आहे. रिम एका इंचाने मोठे झाले, तरी संपूर्ण चाकाच्या व्यासात जेमतेम एका मिलिमीटरचा फरक पडला. हा योगायोग नव्हे. गाडीची रचना करणारा अभियंता प्रथम चाकाचा बाहेरील व्यास निश्चित करतो. रिम वाढले, की टायरची उंची तितकीच घटवितो.

असे का करावे लागते? वेगमापकाचा काटा रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. ७७६ मि.मी. व्यासाचे चाक एका किलोमीटरात सुमारे ४१० फेरे घेते. त्या जागी कोणी ‘२८५/६० आर १८’ हे दांडगे माप बसविले, तर व्यास ७९९ मि.मी. होतो आणि फेरे ३९८ वर येतात. मुळात काटा अचूक असेल, तर तो १०० दाखवीत असताना गाडी १०३ च्या वेगाने धावू लागते. शिवाय रुंद टायर वळण घेताना चाकाच्या कमानीस घासण्याचा संभव असतो, तो वेगळाच.

भार पेलते ती हवा

मोटारीचा भार रबरावर असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. खरे पाहता त्यातील बहुतेक भार टायरमध्ये कोंडलेली हवा पेलते. रबर, दोरे आणि तारा ही त्या हवेची पिशवी होय. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली बेलफास्ट येथे ती कल्पना नव्याने शोधून प्रचारात आणली. तेव्हापासून हे तत्त्व कायम आहे.

माणसांसह २,४०० किलोग्रॅम वजन भरणारी एक मोटार घ्या. प्रत्येक चाकावर सरासरी ६०० किलोग्रॅम भार येतो. टायरमध्ये दर चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारे २.३ किलोग्रॅम दाब असेल, तर टायर रस्त्याला सुमारे २६० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकेल. चारही चाकांची मिळून ही जागा वर्तमानपत्राच्या एका पानाहूनही कमी भरते. गाडी कितीही किमती असो. तिचे वळणे, थांबणे आणि घसरण्यापासून वाचणे एवढ्याच जागेवर अवलंबून असते.

आता रिम वाढविले म्हणजे काय होते ते पाहू. वर सांगितलेल्या १७ इंची चाकाऐवजी ‘२६५/५० आर २०’ हे माप निवडले, तर बाहेरील व्यास ७७३ मि.मी. राहतो. वेगमापक जवळजवळ बरोबर चालतो. परंतु टायरची उंची १७२ वरून १३२ मि.मी. वर येते. हवेला मिळणारी जागा, ढोबळ हिशेबाने, सुमारे पंचमांशाने कमी होते. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळले, की जो धक्का पूर्वी हवेच्या उंच गादीत जिरत असे, तो आता रिमच्या कडेपर्यंत पोहोचतो. टायर दोहोंमध्ये चेपला जातो, त्यातील दोरे तुटतात, आणि काही काळाने बाजूवर फुगवटा दिसू लागतो. असा टायर दुरुस्त होत नाही. तो काढूनच टाकावा लागतो. भार पेलण्याची शक्तीही घटते. या मापाच्या टायरवर बहुधा १०७ हा संकेतांक आढळतो, म्हणजे ९७५ किलोग्रॅम. अधिक भाराकरिता बळकट केलेले टायर मिळतात, परंतु त्यांचे पूर्ण बळ अधिक दाबाची हवा भरल्यावरच मिळते, आणि अधिक दाबाने प्रवास अधिक धक्क्यांचा होतो.

मोठ्या रिमला गुण नाहीत असे नव्हे. कमी उंचीचा टायर वळणावर कमी लवतो, त्यामुळे वेगवान गाडी चालकाच्या हाताला अधिक तत्परतेने साथ देते. गुळगुळीत रस्त्यांच्या देशात हा गुण मोलाचा ठरतो. म्हणून निवड करताना आपला रस्ता व आपले हवामान विचारात घेतले पाहिजे.

रायपूरचा उन्हाळा, रायपूरचे रस्ते

रायपुरात डिसेंबरच्या पहाटे तापमान १२–१३ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. मे महिन्यात दुपारी ते ४२ अंशांपलीकडे जाते. बंदिस्त हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हा भौतिकशास्त्रातील परिचित नियम आहे. १३ अंशांना ३३ पौंड भरलेला दाब ४३ अंशांना सुमारे ३८ पौंड होतो. उलट, मे महिन्याच्या दुपारी भरलेले ३३ पौंड डिसेंबरच्या पहाटे साडेअठ्ठावीसांवर येतात. म्हणून हवा नेहमी सकाळी, चाके थंड असताना मोजावी आणि ऋतुमानाप्रमाणे पुन्हा तपासावी. प्रवासात तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसला, म्हणून हवा काढून टाकणे ही घातक चूक आहे.

कारण टायर फुटण्यास अधिक दाबापेक्षा कमी दाबच पुष्कळदा कारणीभूत होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना चाक एका सेकंदात सुमारे अकरा फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू एकदा दबते व पुन्हा ताठ होते. हवा कमी असेल तर हे दबणे वाढते, आणि दबण्यात खर्ची पडलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने रबरात साठते. रायपूरहून दुर्ग, राजनांदगाव या मार्गे नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर उन्हाळ्यातील दुपारी डांबर तापलेले असते. गाडीत माणसे व सामान भरलेले असते. वेग अधिक असतो. तापलेले रबर व पोलादी पट्टे यांची पकड सुटली, की टायर क्षणार्धात फाटतो.

दक्षिणेकडील वाट निराळ्या परीक्षेची आहे. धमतरी, कांकेरवरून जगदलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३० केशकालच्या घाटातून नागमोडी वळणे घेत चढतो. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी नक्षीच्या खाचांतून बाहेर निघून गेले पाहिजे. तसे झाले नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. रुंद टायरला अधिक पाणी दूर सारावे लागते, म्हणून झिजलेला रुंद टायर पावसात विशेष धोक्याचा असतो. भारतीय नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मि.मी. पेक्षा कमी खोल नसावी. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे नक्षीच्या सपाटीस आले, म्हणजे ही मर्यादा गाठली असे समजावे.

चारही चाकांची जोड

नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मि.मी. खोल असते. ती २ मि.मी. वर आली, की चाकाचा व्यास १२ मि.मी. ने घटतो. नव्या टायराशेजारी असा जुना टायर बसविला, तर तो प्रत्येक किलोमीटरात सहाहून अधिक फेरे जास्त घेईल; रायपूर ते जगदलपूर या सुमारे ३०० किलोमीटरांच्या प्रवासात हा फरक १,९०० फेऱ्यांवर जाईल. ज्या गाडीत इंजिनाची शक्ती सदैव चारही चाकांना मिळते, तिच्या दंतचक्रांना व जोडण्यांना हा फरक अखंड सोसावा लागतो. त्या तापतात व झिजतात. म्हणून अशा गाडीचे चारही टायर एकाच वेळी बदलणे हितावह असते. बीएमडब्ल्यू एक्स-५ या गाडीच्या २१ इंची चाकांच्या प्रकारात पुढे ‘२७५/४०’ आणि मागे ‘३१५/३५’ अशी भिन्न मापे दिसतात. तेथेही व्यास अनुक्रमे ७५३.४ व ७५३.९ मि.मी. येतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटराचाच फरक! इतर गाड्यांत दोनच टायर बदलावयाचे असतील, तर नवी जोडी मागे लावावी. पावसात मागील चाके प्रथम घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरता येत नाही.

निवड करताना

चालकाच्या दरवाजाजवळ लावलेल्या पत्रकावर निर्मात्याने मान्य केलेली मापे व हवेचा दाब छापलेला असतो. टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी ते वाचावे. त्याच गाडीस दोन मापे मान्य असतील, तर रायपूरसारख्या ठिकाणी लहान रिम व उंच टायर यांची जोडी सामान्यतः अधिक टिकाऊ व सुखावह ठरते. मान्य मापांबाहेर जाणे तर कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारास मनाई करते. भार व वेग यांचे संकेत मूळ टायरपेक्षा कमी नसावेत. आयएसआय चिन्ह पाहावे. बाजूवरील चार अंकांनी निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते: ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दीर्घकाळ पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर म्हातारे झालेले असते. आणि घरी परतताना स्टेपनीकडेही एक नजर टाकावी. ती वर्षानुवर्षे गाडीखाली टांगलेली असते. परंतु केशकालच्या घाटात रात्री टायर फुटला, तर तिच्यात हवा आहे की नाही यावरच सर्वांचे पुढचे जाणे अवलंबून राहते.